गेला म्हणजे कुठं गेला?

मागच्या महिन्यात भाचीला घेऊन सोनोग्राफीला गेले होते. दिवस राहत नाहीत म्हणून तिचे उपचार चाललेत, आणि फॉलिकल, म्हणजे बाईचं अंडं ज्यात वाढतं ती पाण्याची बारकी पिशवी, किती मोठी झाली ते बघायचं होतं. सांगली-मिरज रोडला, नाव कशाला सांगू, ही सगळी सेंटरं आतून सारखीच असतात. एसी जरा जास्तच, भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही हा बोर्ड, आवाज बंद करून लावलेला टीव्ही, आणि चपला बाहेर काढायला लागतात म्हणून गार फरशीवर पाय आखडून बसलेल्या बायका. थोड्या थोड्या वेळानं आतून एक मुलगी येते आणि ओरडते, "फॉलिक्युलरवाले कोण आहेत? फॉलिक्युलरवाले आत या." की चारपाच जणी पर्स काखेत मारून उठतात, आणि कुणी कुणाकडं बघत नाही. भाचीचा नंबर आला तशी म्हणाली मामी तू पण चल. आत अंधार, जेलचा तो गारेगार वास. डॉक्टर स्क्रीनकडं बघत पुटपुटत होते आणि शेजारची मुलगी लिहून घेत होती, राईटला सगळे बारीक बारीक, लेफ्टला... परवा तेरा होता ना हा? आज दहाच भरतोय. मग मान न वळवता म्हणाले, "हा गेला. पुढच्या महिन्यात बघू." संपलं. टिश्यू पेपर हातात, पुढची आत.

भाची गाडीवर मागं बसली आणि काही बोललीच नाही. मी पण नाही बोलले, काय बोलणार. विश्रामबाग चौकात सिग्नल लागला तेव्हा हेल्मेटच्या बाजूनं तिचा आवाज आला, "मामी, गेला म्हणजे कुठं गेला गं?"

सिग्नल सुटला, मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला आणि उत्तर राहिलं.

आता गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, पण हा प्रश्न तिनं अख्ख्या सांगलीत ज्या मोजक्या माणसांना विचारावा त्यातली मी एक आहे. म्हणजे मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात लॅब असिस्टंट होते, बरीच वर्षं, आणि त्यातली बरीचशी गेली ती काप काढण्यात. गिनीपिगच्या बीजांडाचे, म्हणजे ओव्हरीचे, काप. लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं की तू पुढं हे काम करणार आहेस तर मी हसले असते. पण आमचे एक सर होते, त्यांना या फॉलिकल वाढण्याचं आणि त्याहून जास्त फॉलिकल मरण्याचं वेड होतं, आणि त्यांच्या वेडाला लागणारे ब्लॉक, स्लाईडी, रंग सगळं माझ्या टेबलावरनं जायचं. त्यामुळं 'गेला' हे काय असतं ते मी डोळ्यानं बघितलंय, चारशेच्या मॅग्निफिकेशनला, एकदा नव्हे शेकडो वेळा. पण ते सिग्नलला कसं सांगायचं?

प्राणिगृह म्हणजे मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडच्या दोन खोल्या होत्या. गिनीपिग खरं तर दुसऱ्या डिपार्टमेंटसाठी आणलेले असायचे, त्यांच्या आतड्याचा तुकडा पाण्याच्या भांड्यात टांगून औषधानं होणारं आकुंचन मोजायचं प्रॅक्टिकल असतं ना, त्यासाठी. बाकीचं जनावर वाया जायचं. सर म्हणाले वाया कशाला, माद्यांची बीजांडं आम्हाला द्या. मग त्यांनी माद्या वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला लावल्या आणि शेड सांभाळणारे मामा रोज सकाळी त्यांना लसूणघास घालताना एकेक उलटी धरून बघायचे आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत लिहायचे, उघडी, बंद, बंद, बंद. गिनीपिगच्या मादीचं हे एक आहे, तिचा योनीमार्ग एरवी पातळ पडद्यानं बंद असतो आणि माजावर आली की तेवढ्यापुरता उघडतो. त्यामुळं कुठली मादी कितव्या दिवसावर आहे हे मामांना पाठ असायचं, साधारण सोळा दिवसांची फेरी, एखादा दिवस इकडं तिकडं. लसूणघासाची पेंढी आत आली की सगळे पिंजरे एकदम शिट्ट्या मारायचे, व्हीक व्हीक व्हीक, इतका आवाज की शेजारच्या वर्गातली पोरं हसायची. हिरवा पाला त्यांना लागतोच, आपल्यासारखंच त्यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आणि पिल्लं! दोन महिन्यांच्या वर पोटात राहतात आणि बाहेर येतात ती डोळे उघडे, अंगभर केस, दात आलेले, दुसऱ्या दिवशी पाला कुरतडायला हजर. उंदराच्या लालभडक पिल्लांपुढं ही म्हणजे आधीच शाळेत घालण्याच्या वयाची.

मारायचं काम माझ्याकडं नव्हतं. माझ्याकडं बाटली यायची, आत पिवळ्याजर्द पाण्यात दोन बारके दाणे, पाचसहा मिलिमीटरचे. ते पिवळं पाणी म्हणजे बुआन्स, पिक्रिक अ‍ॅसिड, फॉर्मॅलिन आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. बोटाला लागलं की दिवसेंदिवस जात नाही. सासूबाई विचारायच्या, हळदीच्या पेठेत कामाला लागलीस काय गं. मग अल्कोहोलमध्ये धू, पिवळेपणा जाईस्तोवर धू, एकेक पायरी चढवत पाणी काढून घे, झायलीन, मग ओव्हनमध्ये वितळलेलं मेण. दुसऱ्या दिवशी मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, लावायचा आणि चाक फिरवायचं. सहा मायक्रॉनचे काप एकाला एक चिकटून रिबन निघते, श्वास जरा जोरात सोडला तरी उडते. एप्रिल-मे मध्ये सांगलीत हे काम म्हणजे शिक्षा होती, मेण मऊ पडायचं, रिबनच्या चुण्या व्हायच्या, आणि पंखा लावायची सोय नाही कारण रिबन उडणार. मी बाहेरच्या आईसफ्रूटवाल्याकडनं बर्फाचा खडा आणून ब्लॉकवर धरायचे, मग चार काप सरळ निघायचे, परत बर्फ. एका दाण्याचे काप हजाराच्या घरात जातात. आणि त्यातलं प्रत्यक्ष अंडं सापडायचं ते एका फॉलिकलमागं दहाबारा कापांत, बाकी सगळी पिशवी नि पाणी.

हे लोकांना सांगायला पाहिजे असं मला नेहमी वाटतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर जे तेरा, सोळा, अठरा लिहितात ते अंड्याचं माप नाही, ते पिशवीचं माप आहे. अंडं असतं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं, ते सोनोग्राफीत दिसतच नाही. पण घरोघर बोलताना काय म्हणतात, अंडं अठराचं झालंय. ह्यात आपलंही फार चुकत नाही म्हणा, डी ग्राफ नावाच्या डच डॉक्टरनं 1672 मध्ये ह्या पिशव्यांचं नीट वर्णन केलं तेव्हा त्यालाही अख्खी पिशवी म्हणजेच अंडं वाटलं होतं. खरं अंडं सापडायला 1827 उजाडलं, फॉन बेअर नावाच्या शास्त्रज्ञाला, कुत्रीच्या बीजांडात. मधली दीडशे वर्षं शहाणीसुरती माणसं पिशवीलाच अंडं म्हणत होती.

तर स्लाईडी. सर माझ्याकडनं त्या दिवसाप्रमाणं लावून घ्यायचे, माज आलेला दिवस धरून पुढं. आणि संध्याकाळी सगळे गेले की मी सहज एकेक बघत बसायचे. माजाच्या दिवशीची स्लाईड म्हणजे नुसती श्रीमंती, तीनचार मोठ्या टपोऱ्या पिशव्या अगदी कडेला आलेल्या, भिंत ताणून पातळ झालेली, आत फिकट गुलाबी पाणी, आणि एका बाजूला पेशींच्या ढिगावर बसलेलं ते गोल अंडं, त्याच्याभोवती गुलाबी काचेसारखी कड. बघत राहावं. त्यानंतरची, अंडी बाहेर पडल्यानंतरची स्लाईड लावली की पहिल्यांदा मला वाटलं मामांनी दुसऱ्याच कुठल्यातरी आजारी जनावराचं पाठवलंय. फुटलेल्या पिशव्यांच्या जागी पीतपिंडं, म्हणजे हार्मोन सोडणारे गोळे, तयार व्हायला लागलेली ते ठीक, पण बाकीच्या? ज्या फुटल्या नाहीत, मधल्या आकाराच्या, चांगल्या वाढीला लागलेल्या, त्या सगळ्या एकदम बिघडलेल्या. लहान लहान तेवढ्या शाबूत. सर म्हणाले आजारी नाही, असंच असतं, दर फेरीला असंच. निवडलेली तीनचार फुटली की त्यांच्याबरोबर वाढत आलेला सगळा घोळका आवरतो. मग लहानातनं परत नवा घोळका उठतो, मधल्या दिवसांपर्यंत बरा वाढतो, आणि त्यातलेही बहुतेक, फुटायची संधीच नसताना, परत बिघडतात. कारण पीतपिंड अजून जोरात असतं, ते असेपर्यंत कुणाला फुटायची परवानगी नाही. मग शेवटच्या चारपाच दिवसांत आणखी एक घोळका, आणि त्यातले तीनचार नशिबाचे. म्हणजे सोळा दिवसांत दोनदा, कधी तीनदा वाढ आणि तेवढ्याच वेळा मोड. वाढीपेक्षा मोडच जास्त दिसते, कुठलीही स्लाईड लावा. लक्ष्मीच्या दिवसात पेठेत बघायला जावं आणि निम्मी दुकानं आवरताना दिसावीत असं काहीसं सुरुवातीला व्हायचं, नंतर सवय झाली.

आणि बिघडणं म्हणजे काय, ते कसं दिसतं, हे मला अजून डोळ्यापुढं आहे. धाडकन काही होत नाही. चांगल्या पिशवीच्या आतल्या अस्तराला पेशींच्या नीट ओळी असतात, निळे गोल केंद्रक, सगळे एकसारखे. बिघडायला लागली की पाण्याच्या बाजूच्या ओळीत एखादा निळा ठिपका जरा जास्तच गडद, आक्रसलेला दिसतो. मग दोन, मग दहा, मग त्याचे फुटून बारीक काळे दाणे होतात आणि ते आतल्या पाण्यात तरंगायला लागतात. अस्तर विरळ होत जातं. मोठ्या पिशवीत अंडं मात्र सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, आजूबाजूचं सगळं विरून गेलं तरी ते आपलं एकटं पाण्यात. मग त्याच्याभोवतीच्या कडेला सुरकुत्या पडतात. पाणी शोषलं जातं, पिशवी आकसते, बाहेरनं तंतू आत शिरतात आणि पोकळी भरून काढतात. फार पुढच्या स्लाईडीत ती सुरकुतलेली गुलाबी कड तेवढी उरते, चुरगळलेल्या रिंगसारखी, आणि आत काही नाही. मेलेल्या पेशींना शेजारच्याच पेशी खाऊन टाकतात. पू नाही, सूज नाही, जखम नाही. कुठं गेला तर तिथंच गेला, घरच्या घरी.

पण एक गोष्ट राहते. पिशवीच्या बाहेरच्या आवरणाच्या पेशी मरत नाहीत. उलट त्या जाड होतात, भरतात, आणि बीजांडाच्या पोटात बसून हार्मोनची कामं करत राहतात. गिनीपिगच्या बीजांडात मधल्या जागेत ज्या भरदार पेशींचे पुंजके दिसतात त्यातले कितीतरी हे असे जुन्या गेलेल्या पिशव्यांचे उरलेले. सरांचा ह्या पुंजक्यांवर फार जीव. त्यांनी मला एकदा एका बिघडलेल्या पिशवीतलं अंडंही दाखवलं होतं, त्याचे दोन तुकडे झालेले, जवळजवळ गर्भ वाढायला सुरुवात होते तसे. नर जवळ नाही, पिशवी फुटलेली नाही, चहूबाजूनं पेशी मरतायत, आणि हे आपलं आतल्या आत विभागायला निघालंय. सर म्हणाले हे पहिल्यांदा आपण बघत नाही, लिओ लोब नावाच्या माणसानं 1911 च्या सुमाराला गिनीपिगमध्येच असं बघून लिहून ठेवलंय. मला त्या दिवशी घरी जाताना उगीचच भरून आलं होतं. का ते नाही सांगता येणार, मला दोन पोरं आहेत, मला ह्यातलं काही सोसावं लागलेलं नाही.

हा लोब भारी माणूस असणार. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत राहिलेला, आणि गिनीपिगच्या बीजांडात आयुष्य घालवलेला. अंडी बाहेर पडल्यावर बाकीचा घोळका आवरतो हे त्यानंच मांडलं. त्याच काळात न्यूयॉर्कला तो पापानिकोलाऊ, ज्याच्या नावानं बायकांची पॅप टेस्ट होते, तोही गिनीपिगच घेऊन बसला होता. त्याला नेमक्या वेळेची अंडी पाहिजे होती आणि ती वेळ कळायची तर जनावर मारल्याशिवाय मार्ग नाही, किती मारणार. मग त्यानं माणसाच्या नाकात घालून बघायचं बारकं यंत्र आणलं, त्यानं मादीच्या योनीतला स्राव काचेवर घेतला आणि बघितलं तर पेशी रोज बदलतायत. 1917 मध्ये त्यानं नि त्याच्याबरोबरच्या स्टॉकार्डनं ती सोळा दिवसांची फेरी छापली. नंतर बायकोचे नमुने घेतले, मग बाकी बायकांचे, आणि त्यातनं कॅन्सर ओळखायची तपासणी निघाली. आमच्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, नाकातलं यंत्र? एवढा खर्च कशाला, उलटी धरून बघायची.

घरी आल्यावर चहा टाकला आणि भाचीला हे सगळं सांगितलं. सगळं म्हणजे गिनीपिगचं मारण्याबिरण्याचं सोडून. कागदावर चित्र काढून दाखवलं. आकडे पण सांगितले, की मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडं साठसत्तर लाख अंडी असतात, जन्मते तेव्हा दहावीस लाख, वयात येते तेव्हा तीनचार लाख, आणि आख्ख्या आयुष्यात बाहेर पडतात ती चारपाचशे. बाकीची सगळी अशीच जिथल्या तिथं विरतात. तुझ्या जन्माच्या आधीपासनं हे चाललंय, तू दहावीच्या परीक्षेला बसली होतीस तेव्हा चाललं होतं, तुझ्या लग्नात तू अक्षता झेलत होतीस तेव्हाही चाललं होतं, फक्त तेव्हा कुणी सोनोग्राफी लावून बसलं नव्हतं. आता तेवढं बघतात म्हणून 'गेला' ऐकू येतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, बिस्कीट चहात बुडवून तसंच धरलं, ते तुटून पडलं. म्हणाली, "मामी, तुझं बरोबर आहे गं. पण मला चार लाख नकोत, मला एक पाहिजे." ह्यावर माझ्याकडं स्लाईड नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा रागच आला, तिचा नव्हे, माझ्या समजावण्याचा. असं झालं की आपण आकडे काढतो, निसर्गनियम काढतो, समोरच्याला वाटतं आपलं दुःख मोजून बारीक केलं. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ती दोन वर्षं हेच समजून बसलीय की तिच्या शरीरानं काहीतरी घालवलं, काल जास्त जिने चढले म्हणून, पपई खाल्ली म्हणून, सासूबरोबर भांडण झालं म्हणून. ते तरी डोक्यातनं जायला नको का?

संध्याकाळी वन्स आल्या, म्हणजे माझी नणंद, भाचीची आई. तासगावच्या पुढं त्यांची द्राक्षबाग आहे, चार म्हशी आहेत, आणि मत आहे, सगळ्यावर. रिपोर्ट हातात घेऊन, चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "जिरला म्हण की." बागायतदाराच्या बाईला हे कुणी शिकवायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर काडी फुटते, घड दिसायला लागतो, आणि तेवढ्यात चार दिवस ढगाळ झालं, पाऊस लागला, की घड जिरतो आणि त्याची बाळी, म्हणजे नुसता वेलाचा तंतू, होते. मग सिक्स बीएचं औषध फवारा, पाणी तोडा, शेंडा मारा, रात्रभर माणसाला झोप नाही. वन्सनी भाचीच्या फॉलिकलचं आणि बागेतल्या घडाचं एक केलं आणि मला ते पहिल्यांदा फार पटलं. मग नीट विचार केला तर पटेना. बागेत घड जिरतो ते नुकसान, हवामानानं केलेलं, जिरला नसता तर द्राक्ष लागली असती. इथं तसं नाही. इथं जिरणं हाच हिशोब आहे. एक पिशवी पुढं गेली की ती स्वतः इस्ट्रोजेन नि इनहिबिन ही हार्मोन्स इतकी सोडते की वरनं मेंदूकडनं येणारं एफएसएच, म्हणजे पिशव्या वाढवणारं हार्मोन, कमी पडतं, तिला स्वतःला ते कमी चालतं कारण तिची तयारी पुरी झालेली असते, आणि शेजारच्या मागं राहिलेल्यांचं पाणी तुटतं. भाचीच्या केसमध्ये अडचण एवढीच की पुढं गेलेली पिशवीही अर्ध्यात थांबली. बाकीच्या जिरल्या त्यात दोष कुणाचाच नाही.

वन्सना यातलं निम्मं पटलं. त्यांचा खरा मुद्दा दुसराच होता, तो पोटात ठेवून त्या वाट बघत होत्या. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात इंजेक्शनं सांगितली होती, एफएसएचची, रोज एक, आणि गरज पडली तर पुढं आयव्हीएफ. वन्सच्या गावात कुणीतरी सांगितलं होतं की ती इंजेक्शनं घेतली की एका महिन्यात दहाबारा अंडी निघतात आणि मग बाईची अंडी लवकर संपतात, चाळिशीच्या आतच पाळी जाते. "वहिनी, दहा महिन्यांचं एका महिन्यात काढायचं म्हंजे पुढं काय खायचं?" साठ्याच्या हिशोबानं बरोबरच आहे की त्यांचं, पेव उपसलं तर रिकामं होणारच.

इथं मात्र माझ्या गिनीपिगनी मला साथ दिली. मी म्हटलं वन्स, ती दहाबारा पुढच्या महिन्यांची नव्हेत, ती ह्याच महिन्याच्या घोळक्यातली, जी एरवी जिरणारच होती. वाढीला लागलेली पिशवी परत लहान होऊन रांगेत उभी राहत नाही, तिच्यापुढं दोनच रस्ते, फुटायचं नाहीतर जिरायचं. इंजेक्शन काय करतं, शेजारच्यांचं तुटलेलं पाणी परत सोडतं. आणि तुमच्या म्हशींना तुम्ही हेच करून घेता की. वन्सना वाटलं मी चेष्टा करते. म्हटलं, डॉक्टर येऊन हात घालून बघतो, म्हणतो पीतपिंड आहे, एक इंजेक्शन ठोकतो, दोनचार दिवसांत म्हैस माजावर येते, मुका, बाहेरनं न दिसणारा माज असला तरी दिवस तर कळतो, भरवता येते. ते इंजेक्शन प्रोस्टाग्लॅंडिनचं. आणि त्याची गोष्ट सुरू होते तीपण गिनीपिगपासनं, ह्याच लोबनं 1923 मध्ये माद्यांचं गर्भाशय काढून बघितलं तर त्यांचं पीतपिंड संपेचना, फेरी अडकून बसली. म्हणजे गर्भाशयाकडनं काहीतरी निरोप जातो की गर्भ राहिला नाही, आता आवरा. तो निरोप काय आहे हे सापडायला पुढं पन्नासेक वर्षं गेली, आणि आज तो बाटलीत भरून तासगाव तालुक्यात गोठ्यागोठ्यात फिरतोय.

वन्स जरा गप्प झाल्या. म्हशीचं उदाहरण दिलं की त्या ऐकतात. "पण म्हशीत साठा कमी असतोय म्हणतात," म्हणाल्या. हे मात्र खरंय, गाईच्या मानानं म्हशीच्या बीजांडात सुरुवातीचाच साठा फार कमी असतो, आणि हे त्यांना कुठल्यातरी शिबिरात कळलेलं. बाईंचं ज्ञान कुठं कुठं साठलेलं असतं ते आपल्याला कळत नाही. म्हटलं म्हणूनच पोरीची एएमएच तपासली, साठ्याचा अंदाज घ्यायला, वयाच्या मानानं बरी आलीय. इंजेक्शनांचे त्रास वेगळे आहेत, पोट फुगतं, जास्त प्रतिसाद आला तर दवाखान्यात राहावं लागतं, ते डॉक्टरांना खोदून विचारा. पण साठा उपसला जातो ही भीती काढून टाका.

भाची आतल्या खोलीत मोबाईल बघत पडली होती, पण कान इकडंच. मधेच आतनं म्हणाली, "मामी, ती उरलेली असतात म्हणालीस ना, बाहेरच्या आवरणाची, ती माझ्यात पण राहतात?" म्हटलं माणसात ती गिनीपिगएवढी ठळक राहत नाहीत, बऱ्याचशा हळूहळू पांढऱ्या वणासारख्या होऊन जातात. खोटं कशाला सांगू. तिनं हं म्हटलं. तिला काय ऐकायचं होतं मला कळलं होतं, पण स्लाईड दिसते तशी सांगायची सवय लागलीय, आता ती काय जात नाही.

शेडमधल्या त्या माद्या हल्ली आठवतात. तेव्हा आठवत नव्हत्या, तेव्हा बाटलीवर नंबर असायचा. नियम कडक झाले, परवानग्या आल्या, आता कॉलेजात असलं काही चालत नाही, चांगलंच झालं. पण त्या काळात मारलेल्या जनावरांचे काप नसते तर मी आज वन्सपुढं काय बोलले असते, हेही तितकंच. दोन्ही एकाच वेळी मनात असतं आणि एकमेकाला खोडत नाही.

रात्री जेवताना वन्सनी हिशोब काढलाच. इंजेक्शनं अमुक, सोनोग्राफ्या तमुक, पुढं आयव्हीएफ झालं तर बाग गहाण टाकायची पाळी. ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "म्हंजे जी मरणारच हायेत तीच वाचवायची."

"हो."

"नवीन काय द्यायचं न्हाई."

"नाही."

"मग एवढं पैसे कशाचं घेतात ओ?"

भाची फिस्सकन हसली, आणि मग आम्ही तिघी मिळून त्या दवाखान्याच्या रेटकार्डावर अर्धा तास यथेच्छ बोललो.